साथ आली नाही, लस मात्र आली : अमेरिकेतील १९७६ च्या 'स्वाइन फ्लू' मोहिमेची कहाणी

१/ महासाथ येऊन गेली आणि लस वेळेवर पोहोचली नाही, अशा कथा वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. १९७६ साली अमेरिकेत नेमके उलटे घडले. दहा-अकरा आठवड्यांत ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली आणि जिच्यासाठी टोचली ती साथ आलीच नाही. महासाथीच्या लसीकरणाची आखणी शहराच्या वा जिल्ह्याच्या पातळीवर कशी करावी, याचे धडे आजही या प्रसंगावरून दिले जातात. त्याची ही साद्यंत हकीकत. #थ्रेड

२/ जानेवारी १९७६. न्यू जर्सी राज्यातील फोर्ट डिक्स ही लष्करी छावणी. नाताळची सुटी संपवून परतलेल्या आणि नव्याने भरती झालेल्या जवानांत सर्दी-तापाची लाट आली. ४ फेब्रुवारीला एका १९ वर्षांच्या तरुण जवानाचा मृत्यू झाला. आजारी असतानाही तो रात्रीच्या पायी संचलनात सामील झाला होता. छावणीतील रुग्णांच्या घशातील नमुने राज्याच्या प्रयोगशाळेत गेले. बहुतेक नमुन्यांत त्या हंगामातला नेहमीचा 'ए-व्हिक्टोरिया' विषाणू निघाला. काही नमुने मात्र ओळख पटेनात.

३/ हे अनोळखी नमुने अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्राकडे, म्हणजे सीडीसीकडे, पाठवण्यात आले. तेथे निदान झाले की, हा डुकरांमध्ये आढळणाऱ्या इन्फ्लुएन्झाशी जवळचे नाते असलेला विषाणू आहे. पुढे रक्ततपासण्यांवरून दिसले की छावणीतील सुमारे २३० जवानांना त्याचा संसर्ग होऊन गेला होता. याचा अर्थ तो माणसाकडून माणसाकडे पसरत होता. तज्ज्ञांच्या मनात धडकी भरली ती यामुळे.

४/ धडकी भरण्याचे कारण १९१८ हे होते. डुकरांमधला हा विषाणू १९१८ च्या महासाथीच्या विषाणूचाच वंशज आहे, असा त्या काळी बहुतेकांचा कयास होता. पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडत, तरुणांच्या रक्तात सापडत नसत. १९१८ ने काय केले हे आपल्याला निराळे सांगायला नको. मुंबई बंदरातून शिरलेल्या त्या तापाने एकट्या हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे नेली. तो पुन्हा आला, तर पन्नाशीच्या आतल्या सबंध पिढीपाशी कवच नव्हते.

५/ दुसरी आठवण ताजी होती. १९५७ ची 'आशियाई' आणि १९६८ ची 'हाँगकाँग' अशा दोन्ही महासाथींत लस तयार झाली खरी, पण पुरेशा लोकांच्या दंडापर्यंत पोहोचेतो साथीचा भर ओसरू लागला होता. सार्वजनिक आरोग्याच्या मंडळींना ही खंत दीर्घकाळ बोचत होती. या वेळी मात्र विषाणू फेब्रुवारीतच हाती लागला होता आणि फ्लूचा पुढचा हंगाम सात-आठ महिने दूर होता. अशी संधी पूर्वी कधी मिळाली नव्हती.

६/ सीडीसीचे संचालक डेव्हिड सेन्सर यांनी मार्चच्या मध्यास सविस्तर टिपण लिहिले. त्याचा आशय असा: साथ येईल की नाही हे सांगता येत नाही, पण ती आली आणि आपण हात बांधून बसलो असलो, तर ते अक्षम्य ठरेल. २४ मार्चला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी तज्ज्ञांना बोलावले. पोलिओ लसीचे दोन प्रतिस्पर्धी जनक, जोनास साल्क आणि अल्बर्ट सेबिन, दोघेही त्या बैठकीत होते. त्याच दिवशी फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस देण्याचा संकल्प जाहीर केला.

७/ संकल्पाचा आकार पाहा. देशाची लोकसंख्या २१ कोटींच्या पुढे. तरतूद १३.५ कोटी डॉलरची. तिचा बहुतांश, सुमारे १० कोटी डॉलर, लस विकत घेण्यासाठी. राज्यांनी आणि स्थानिक आरोग्य खात्यांनी प्रत्यक्ष लस टोचण्यासाठी जे अनुदान ठेवले, ते एक चतुर्थांशाहूनही कमी होते. लस विकत घेणे हे अवघड काम आणि ती टोचणे हे सोपे काम, असा समज या आकड्यांच्या मुळाशी होता.

८/ येथे अमेरिकी व्यवस्थेबद्दल दोन शब्द. तेथे सार्वजनिक आरोग्य हा मुख्यतः राज्यांचा विषय. राज्याखाली काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मोठ्या शहरांची स्वतःची आरोग्य खाती. वॉशिंग्टन लस देऊ शकत होते, पैसा देऊ शकत होते, मार्गदर्शक सूचना पाठवू शकत होते. पण दंडावर सुई टेकवणारा हात काउंटीचा, शहराचा किंवा खासगी डॉक्टरचा होता. म्हणून प्रत्येक राज्याने आणि प्रमुख शहराने आपापली योजना लिहून पाठवावी, असे ठरले.

९/ या योजनांत काय काय ठरवायचे होते? केंद्रे कोठे उघडायची: शाळेत, अग्निशमन केंद्रात, चर्चच्या सभागृहात की क्रीडागारात? परिचारिका किती, स्वयंसेवक किती? लस थंड कोठे ठेवायची आणि तेथून केंद्रावर कशी न्यायची? वृद्धाश्रमांत आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे कोण जाणार? इंग्रजी न समजणाऱ्यांना कोण समजावणार? खासगी डॉक्टरांना सरकारी लस द्यायची की नाही? आणि टोचल्यानंतर कोणाला काही झाले, तर ते कोणी कोणाला कळवायचे? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व पुढे कळेल.

१०/ गर्दी हाताळण्यासाठी एक यंत्र होते: जेट इंजेक्टर. पिस्तुलासारखे दिसणारे हे उपकरण सुईशिवाय, केवळ दाबाच्या जोरावर लस त्वचेतून आत ढकलते. लष्करात त्याचा वापर रुळलेला होता. एका प्रशिक्षित माणसाच्या हाती ते दिले, की तासाला शेकडो माणसे हातावेगळी होत. अनेक केंद्रांची आखणी याच वेगावर बेतलेली होती: रांग, नोंद, संमतीपत्र, टोचणी, बाहेर.

११/ मात्र आखणी कागदावर जितकी सरळ होती, तितकी लस सरळ नव्हती. सर्वसाधारण प्रौढांसाठी एकाच विषाणूची लस. वृद्धांसाठी आणि जुनाट आजार असलेल्यांसाठी नव्या विषाणूबरोबर ए-व्हिक्टोरियाचाही समावेश असलेली दुहेरी लस. म्हणजे एकाच केंद्रावर दोन प्रकारच्या बाटल्या आणि रांगेतल्या प्रत्येकाचे वय व आजार विचारून त्यातली योग्य ती निवडण्याची जबाबदारी. 'सर्वांना एकच टोचणी' ही घोषणा केंद्राच्या दारातच दुभंगली.

१२/ एप्रिलमध्ये हजारो स्वयंसेवकांवर चाचण्या सुरू झाल्या आणि जूनमध्ये निष्कर्ष हाती आले. प्रौढांना एक मात्रा पुरेशी होती. लहान मुलांत मात्र एका मात्रेने नीट संरक्षण मिळेना आणि मात्रा वाढवावी तर ताप येई. फ्लू शाळांतून घरोघरी पसरतो, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही मुलांचे काय करायचे हा निर्णय लांबत गेला. शाळांना केंद्रस्थानी ठेवून ज्यांनी योजना आखल्या होत्या, त्यांच्या योजनेतला गाभाच निसटला.

१३/ उत्पादनातही विघ्ने आली. लस कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवावी लागे. चार कंपन्या या कामाला लागल्या होत्या. त्यांपैकी एका कंपनीने सुमारे २० लाख मात्रा भलत्याच विषाणूपासून, १९३० च्या दशकातल्या जुन्या वाणापासून, बनवल्याचे जूनमध्ये उघडकीस आले. त्या मात्रा बाजूला काढाव्या लागल्या.

१४/ सर्वांत मोठी अडचण मात्र प्रयोगशाळेत नव्हती. ती विम्याच्या कार्यालयात होती. कोट्यवधी निरोगी माणसांना लस द्यायची म्हटल्यावर त्यानंतर उद्भवणाऱ्या प्रत्येक दुखण्याचा दावा कंपन्यांवर येणार, या भीतीने विमा कंपन्यांनी संरक्षण द्यायचे नाकारले. विम्याविना लस कंपन्या माल सोडेनात. उन्हाळा असाच वाटाघाटींत सरू लागला.

१५/ कोंडी फुटली ती एका वेगळ्याच दुर्घटनेने. जुलैच्या अखेरीस फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाहून परतलेले लोक न्यूमोनियासारख्या आजाराने मरू लागले. हाच तो स्वाइन फ्लू, अशी आवई उठली. ५ ऑगस्टला सीडीसीने तसे नसल्याचे सांगितले. (तो आजार म्हणजे पुढे 'लीजनेअर्स' म्हणून ओळखला गेलेला जिवाणूजन्य रोग, त्याचा जिवाणू १९७७ च्या आरंभी ओळखला गेला.) पण भीतीने आपले काम केले होते. लसीमुळे होणाऱ्या हानीचे दावे सरकारवर दाखल व्हावेत, असा कायदा काँग्रेसने ऑगस्टमध्ये घाईने संमत केला आणि १२ तारखेला फोर्ड यांची त्यावर सही झाली.

१६/ या साऱ्या काळात काउंटीचा आरोग्य अधिकारी काय करत होता? वाट पाहत होता. लस उन्हाळ्यात मिळेल असे धरून आखलेली वेळापत्रके पुढे ढकलली जात होती. स्वयंसेवकांना पुनःपुन्हा नवी तारीख द्यावी लागत होती. नव्या कायद्यामुळे प्रत्येकाची लेखी संमती आवश्यक झाली आणि तिचा लांबलचक नमुना मोहिमेच्या तोंडावर हाती पडला. इकडे दक्षिण गोलार्धातला हिवाळा सरत आला होता आणि जगात कोठेही हा विषाणू डोके वर काढताना दिसत नव्हता. सेबिन आता उघडपणे म्हणू लागले होते की लस बनवून साठवावी, टोचण्याची घाई करू नये.

१७/ हा सल्ला इतिहासकारांना फार महत्त्वाचा वाटतो. कारण मार्चमध्ये दोन निराळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधले गेले होते: लस तयार करणे आणि लस सर्वांना टोचणे. पहिला निर्णय तातडीने घेणे भाग होते, कारण अंड्यांतून लस निघायला महिने लागतात. दुसरा निर्णय साथीची चाहूल लागेपर्यंत राखून ठेवता आला असता. अर्थात दुसरी बाजूही होती. विमानयुगात साथ काही आठवड्यांत देशभर पसरली असती आणि कपाटातली लस दंडात जायला, तिचा परिणाम व्हायला वेळ लागतोच. हा वाद खुलेपणाने व्हायला हवा होता. तो फारसा झाला नाही.

१८/ १ ऑक्टोबर १९७६ रोजी लसीकरण सुरू झाले. पहिल्या दहा दिवसांत सारे सुरळीत चालले होते. ११ ऑक्टोबरला पिट्सबर्गहून बातमी आली: एकाच केंद्रावर, एकाच दिवशी लस घेतलेल्या तीन वृद्धांचा मृत्यू. तिघांनाही हृदयविकार होता. अ‍ॅलेगेनी काउंटीने लसीकरण थांबवले. पाठोपाठ नऊ राज्यांनी आपली केंद्रे बंद केली. वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मृतांची मोजदाद सुरू झाली.

१९/ आता थोडे गणित. सत्तरी ओलांडलेल्या लोकांत त्या काळी वर्षाला साधारण दर २५ माणसांमागे एक मृत्यू होत असे. म्हणजे अशा १ लाख लोकांत, लस असो वा नसो, दिवसाला दहा-अकरा मृत्यू होणारच. मोहिमेच्या आरंभी प्राधान्य वृद्धांना होते. लाखो वृद्ध लस घेणार, तर त्यांतले काही जण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी निधन पावणार, हे अटळ होते. तिघांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार ठरले, लसीत दोष आढळला नाही.

२०/ हे गणित चुकले नव्हते. ते उशिरा सांगितले गेले. ११ ऑक्टोबरनंतर ते ऐकणाऱ्याला सारवासारव वाटले. हेच जर ३० सप्टेंबरला प्रत्येक काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याने स्थानिक वार्ताहरांना बोलावून सांगितले असते, की आमच्या गावात इतके वृद्ध लस घेतील आणि त्यांतले इतके जण आठवडाभरात नैसर्गिकपणे जातील, तर ती पूर्वसूचना ठरली असती. १४ ऑक्टोबरला फोर्ड यांनी कुटुंबासह कॅमेऱ्यांसमोर लस घेतली. बंद केंद्रे पुन्हा उघडली. विश्वासाला गेलेला तडा मात्र सांधला गेला नाही.

२१/ योजना एकाच देशाची, पण फळ ठिकठिकाणी निराळे. डेलावेअर या चिमुकल्या राज्याने आपल्या प्रौढांपैकी बहुसंख्यांना लस दिली. न्यूयॉर्क शहरात लस घेणाऱ्यांचे प्रमाण फारच तोकडे राहिले. लस तीच, पैसा त्याच तिजोरीचा, घोषणा त्याच राष्ट्राध्यक्षांची. फरक पडला तो स्थानिक यंत्रणेच्या हातपायांत, खासगी डॉक्टरांच्या सहभागात आणि लोकांच्या आपल्या आरोग्य खात्यावरील भरवशात. लसीकरण शेवटी गल्लीत घडते, राजधानीत नव्हे, ही साधी गोष्ट या तफावतीने सिद्ध केली.

२२/ नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिनेसोटा राज्यातील एका डॉक्टरने आरोग्य खात्याला कळवले: लस घेतलेल्या एका रुग्णाला गियाँ-बारे सिंड्रोम झाला आहे. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून वर अशक्तपणा चढत जातो. बहुतेक जण बरे होतात, काही दगावतात. राज्याच्या लसीकरण अधिकाऱ्याने या बातमीकडे दुर्लक्ष केले नाही. आणखी रुग्णांची नोंद होताच त्याने अटलांटाला दूरध्वनी केला. सीडीसीने इतर राज्यांत चौकशी केली, तर तेथेही असे रुग्ण होते.

२३/ येथेही पिट्सबर्गचाच प्रश्न उभा राहिला. हा विकार लसीविनाही होतो. वर्षाला लाखात एक-दोघांना. ४ कोटी लोकांत दहा आठवड्यांत असे काही रुग्ण निघणारच. मग हा योगायोग की लसीचा परिणाम? उत्तराची रीतही तीच: अपेक्षित किती आणि प्रत्यक्ष किती, हे ताडून पाहणे. पिट्सबर्गमध्ये प्रत्यक्ष आकडा अपेक्षेत बसला होता. या वेळी बसला नाही. लस घेतलेल्यांत प्रमाण न घेतलेल्यांच्या कितीतरी पट निघाले.

२४/ १६ डिसेंबर १९७६ रोजी मोहीम स्थगित झाली. ती पूर्ववत सुरू झालीच नाही. नंतरच्या सविस्तर अभ्यासात लस घेतलेल्या ५३२ जणांना हा विकार झाल्याचे नोंदले गेले. त्यांतले ३२ दगावले. लसीमुळे वाढलेली जोखीम साधारण १ लाखात एकाच्या थोडी आत होती. १९१८ सारखी साथ खरोखर आली असती, तर ही जोखीम कोणीही आनंदाने पत्करली असती. साथच नसताना मात्र लाखात एकही फार होता. जोखमीचे मोल ती कशाच्या बदल्यात पत्करली, यावर ठरते.

२५/ शासनावर सुमारे ४ हजार दावे दाखल झाले. संमतीपत्रात या विकाराचा उल्लेख नव्हता, हा मुद्दा वारंवार पुढे आला. फोर्ड नोव्हेंबरमध्येच निवडणूक हरले होते. नव्या प्रशासनाचे आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये सेन्सर यांना पदावरून दूर केले. झाले त्याचे विश्लेषण करण्याचे काम त्यांनी हार्वर्डचे रिचर्ड न्यूस्टाट आणि हार्वी फाइनबर्ग यांच्याकडे सोपवले. त्यांचा १९७८ चा अहवाल आजही सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमांत वाचला जातो.

२६/ सेन्सर यांच्याविषयी न्यायाने एक सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९७६ मध्ये उपलब्ध असलेल्या माहितीवर त्यांची चिंता निराधार नव्हती. दोष सावधगिरीत नव्हता. एकदा गाडी सुटल्यावर थांबून पुन्हा विचार करण्याची स्थानके वाटेत ठेवलेली नव्हती, यात होता. जूनमध्ये मुलांच्या चाचण्यांनंतर, ऑगस्टमध्ये दक्षिण गोलार्ध शांत दिसल्यावर, सप्टेंबरमध्ये पहिली पेटी रवाना होण्यापूर्वी, 'अजून हेच योग्य आहे का?' असे विचारणारी रचना योजनेतच हवी होती.

२७/ २००९ मध्ये एच१एन१ ची खरोखरची महासाथ आली तेव्हा अमेरिकेने हे धडे वापरले. लसखरेदीचा निर्णय आणि लसीकरणाचा निर्णय वेगळे ठेवले. कोणत्या वयात कोणते विकार एरवी किती होतात, याचे आकडे आधीच काढून ठेवले. गियाँ-बारेवर पहिल्या दिवसापासून पाळत ठेवली. या वेळी वाढीव जोखीम दहा लाखांत एक-दोन इतकीच निघाली. लस मात्र पुन्हा उशिरा आली: साथीची दुसरी लाट शिगेला पोहोचली, तेव्हा बहुतेक केंद्रांवर पुरेशी लस नव्हती.

२८/ आपल्याकडची आठवणही त्याच वर्षाची. ३ ऑगस्ट २००९ रोजी भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, बंद शाळा, औषधाच्या दुकानांतून संपलेले मास्क, हे पुणेकर विसरलेले नाहीत. भारतीय बनावटीच्या लसी बाजारात आल्या त्या २०१० च्या जून-जुलैत. त्यांतली नाकातून द्यायची लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. १९७६ मध्ये लस होती, साथ नव्हती. आपल्याकडे साथ होती तेव्हा लस नव्हती.

२९/ या दोन टोकांच्या मधली वाट शोधणे, हेच महासाथीच्या लसनियोजनाचे खरे काम. ते काम प्रयोगशाळेत जितके होते तितकेच महापालिकेच्या आरोग्य कचेरीत होते: यादी तयार ठेवणे, शीतकपाटांची मोजदाद ठेवणे, आपल्या वस्तीत एरवी किती माणसे कशाने आजारी पडतात हे ठाऊक असणे, आणि ते लोकांना आधीच, साध्या भाषेत सांगणे. मिनेसोटातील त्या डॉक्टरने एक निरोप धाडला आणि तो ऐकून घेणारा अधिकारी जागेवर होता, म्हणून धोका महिनाभरात उमगला.

३०/ साथ न आल्याबद्दल कोणाचे अभिनंदन होत नाही, पण तयारी फुकट गेल्याबद्दल मात्र जाब विचारला जातो. आरोग्य अधिकाऱ्याच्या नशिबी हेच असते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तयारी केली आणि संकट टळले किंवा आलेच नाही, तर हसण्यापूर्वी एवढे विचारावे: तयारी करताना त्याने थांबण्याची जागा ठेवली होती का, आणि आपल्याला खरे ते आधी सांगितले होते का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर त्याचे काम चोख झाले असे समजावे.

लेखनसीमा.